वॉटर्लू आणि पानिपत
इंग्रजी वाक्संप्रदायांचा अर्थ कसा लावावा

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या सडकेवर, निफाड तालुक्यांत, विंचूर हें गांव आहे. पेशवाईंतील नामांकित सरदार विठ्ठल शिवदेव यांचें घराणें या गांवावरून विंचूरकर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. १७६१ सालच्या जानेवारी महिन्यांत विठ्ठल शिवदेव हे सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर पानिपतावर होते. त्या महिन्याच्या १४ तारखेस तेथें जें घडलें तें महाराष्ट्रांतील लहानथोरांस ठाऊक आहे. त्या रणांतून जे थोडे सरदार जिवंत परत आले, त्यांत विठ्ठल शिवदेव हे एक होत.

त्या युद्धाची बातमी पेशव्यांस कशी कळली याविषयीं एक गोष्ट सांगतात. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असतां वाटेंत एका सावकाराचें पत्र त्यांच्या हातीं पडलें. पत्रांत लढाईचें नांव नव्हतें. दोन मोत्यें नाहींशीं झालीं, कित्येक मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला याची मोजदाद नाहीं, अशा आशयाचा तो मजकूर होता. शब्दांपुरतें पाहिलें तर एका व्यापाऱ्याची पेटी लुटली गेली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु वाचणाऱ्यास कळावयाचें तें कळलें. एक मोतीं म्हणजे त्यांचा मुलगा विश्वासराव, आणि दुसरें म्हणजे भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांचीं नांवेंहि कोणी लिहून ठेवलीं नाहींत असे हजारों शिपाई. कोश उघडून 'मोतीं' या शब्दाचा अर्थ पाहिला असता तर हें कळलें नसतें. पत्र कोणी लिहिलें, कोणत्या प्रसंगीं लिहिलें आणि कोणास लिहिलें, हें ज्यास ठाऊक होतें त्यालाच तें वाचतां आलें.

भाषेंतील वाक्संप्रदायांचेंहि असेंच आहे. ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यांतील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून निघत नाहीं, तो वाक्संप्रदाय. 'त्याचें पानिपत झालें' असें मराठी माणूस म्हणतो, तेव्हां तो दिल्लीच्या उत्तरेस असलेल्या एका शहराविषयीं बोलत नसतो. 'विश्वास पानिपतांत गेला' असें म्हणणारा एकाच शब्दानें पेशव्यांच्या तरुण मुलाचें नांव घेतो आणि मनाचा उडालेला भरंवसाहि सांगतो. परदेशी माणसास ही खोंच नुसत्या शब्दार्थानें कशी कळावी?

इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी याच अडचणींत सांपडतो; फक्त बाजू बदललेली असते. वाक्यांतील एकूण एक शब्द त्याच्या ओळखीचा असतो, व्याकरण त्यास येत असतें, आणि तरीहि वाक्य हातांतून निसटतें. मग तो एक तर तें वाक्य सोडून देतो, किंवा शब्दास शब्द लावून भलताच अर्थ करतो. पहिल्या वाटेनें त्याचें इंग्रजी अपुरें राहतें. दुसऱ्या वाटेनें त्याची मराठी बिघडते. म्हणून इंग्रजी वाक्संप्रदायांच्या याद्या पाठ करण्यापूर्वीं त्यांचा अर्थ लावण्याची रीत ठाऊक असणें अधिक अगत्याचें आहे. कोणताहि संप्रदाय समोर आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. तो कोणत्या प्रसंगांतून किंवा धंद्यांतून आला? तो कोणाच्या तोंडीं व कोणत्या वेळीं शोभतो? आणि मराठींत त्याच्या जागीं काय बसतें?

इतिहासांतून आलेल्या संप्रदायांपासून आरंभ करूं. 'टु मीट वन्स वॉटर्लू' असें इंग्रज म्हणतो. वॉटर्लू हें बेल्जममधील गांव. १८ जून १८१५ रोजीं तेथें नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. त्यानंतर त्यास सेंट हेलिना बेटावर ठेवण्यांत आलें, आणि तेथेंच १८२१ सालीं तो वारला. तेव्हां आजवर जिंकत आलेल्या पुरुषास कायमचें खालीं बसविणारा पराभव भेटला, असा या संप्रदायाचा अर्थ. पानिपत ज्यास ठाऊक आहे त्यास वॉटर्लू समजण्यास वेळ लागूं नये.

याच जातीचा दुसरा संप्रदाय 'टु क्रॉस द रुबिकॉन' हा होय. रुबिकॉन ही इटलींतील एक लहानशी नदी. रोमच्या सेनापतीनें आपलें सैन्य घेऊन ती ओलांडूं नये, असा निर्बंध होता. ख्रिस्तपूर्व ४९ मध्यें ज्यूलियस सीझर ती नदी उतरून आला, आणि त्या पावलाबरोबरच यादवी युद्ध अटळ झालें. म्हणून जें पाऊल टाकल्यावर मागें फिरतां येत नाहीं, तें टाकणें म्हणजे रुबिकॉन ओलांडणें. परतण्याचें साधन आपल्याच हातानें नष्ट करणें, यासाठीं इंग्रजींत 'टु बर्न वन्स बोट्स', म्हणजे आपल्या होड्या जाळणें, असा आणखी एक संप्रदाय आहे. मराठींत त्याच्या जागीं काय बसतें? १६७० सालीं कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले आणि मावळे मागें फिरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें कड्यावरचे दोर कापल्याचें त्यांस सांगितलें, अशी कथा आहे. 'परतीचे दोर कापून टाकणें' हा संप्रदाय मराठी माणसास तेथें घेऊन जातो. अशा ठिकाणीं भाषांतरकारानें होड्या जाळीत बसूं नये. ज्या वाचकानें समुद्र पाहिला नाहीं त्यानेंहि सिंहगडाची गोष्ट ऐकलेली असते.

'टु टर्न अ ब्लाइंड आय' याचें मूळ नौसेनापति नेल्सन याच्या गोष्टींत दाखवितात. नेल्सनच्या एका डोळ्याची दृष्टि गेली होती. १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईंत वरिष्ठानें माघारीची खूण केली, तेव्हां त्यानें दुर्बीण त्या अधू डोळ्यास लावली आणि आपणांस खूण दिसत नाहीं असें सांगितलें, अशी ती कथा. पाहूनहि न पाहिल्यासारखें करणें, हा याचा अर्थ. मराठींत यास 'कानाडोळा करणें' म्हणतात. हाच शब्द 'काणाडोळा' असाहि लिहितात, आणि काणा म्हणजे एका डोळ्यानें आंधळा. नेल्सनचें नांवहि न ऐकलेल्या समाजानें तीच युक्ति तशाच शब्दांनीं सांगावी, हें पाहून मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच आहे याची खात्री पटते.

कांहीं संप्रदाय लढायांतून येत नाहींत. ते बाजारांतून आणि कचेरींतून येतात. 'टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' हा त्यांपैकीं एक. न्यूकॅसल हें टाइन नदीवरील बंदर. त्याच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या आणि कित्येक शतकें तेथून लंडनला जहाजांनीं कोळसा जात असे. तेथें बाहेरून कोळसा नेऊन विकणें म्हणजे व्यर्थ उद्योग. विंचूरच्या विद्यार्थ्यास हें समजविण्यासाठीं लांब जावयास नको. जवळच लासलगांव आहे. तेथील कांद्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे, आणि त्या बाजार समितीचें उपआवार विंचुरांतहि आहे. तेव्हां कोणी पाहुणा परगांवाहून लासलगांवीं येतांना भेट म्हणून कांद्यांची पिशवी घेऊन आला, तर तें न्यूकॅसलला कोळसा नेण्यासारखें होईल.

परंतु येथें एक गंमत ध्यानांत ठेवावी. 'लासलगांवास कांदे नेणें' हे शब्द विंचूरच्या शेतकऱ्यापुढें उच्चारले, तर तो म्हणेल, "मग दुसरीकडे कोठें न्यावेत?" त्याच्या गाड्या तर कांदे घेऊन तेथेंच जातात. न्यूकॅसलच्या खाणींतला कोळसाहि न्यूकॅसलच्याच धक्क्यावर जात असे. म्हणजे हा संप्रदाय खाणवाल्यानें केलेला नव्हे. तो दुरून पाहणाऱ्यानें केलेला आहे. संप्रदाय कोणी केला आणि तो कोठें उभा राहून बोलत होता, हें पाहिल्यावांचून अर्थ पुरता लागत नाहीं, तो असा.

कचेरींतील उदाहरण 'रेड टेप' याचें. इंग्लंडांत सरकारी व न्यायालयीन कागदपत्रें तांबूस फितीनें बांधून ठेवीत. पुढें डिकन्स व कार्लाइल यांसारख्या लेखकांच्या हातीं ती फीत म्हणजे कामास नियमांच्या गांठी मारून दिरंगाई करण्याची खूण झाली. मराठींत 'लाल फीत' हे शब्द आतां रुळले आहेत. पण मराठी राज्यांतहि दप्तरें होतींच. पेशव्यांच्या दप्तरांतील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. त्या बांधणींतून मराठीस जो संप्रदाय मिळाला तो 'बासनांत गुंडाळून ठेवणें' हा. बासन म्हणजे पोथी किंवा कागद बांधण्याचें फडकें. एखादी योजना बासनांत गेली म्हणजे ती पुन्हां बाहेर येण्याची आशा थोडीच. मात्र दोहोंत भेद आहे. लाल फितीनें काम अडतें, रेंगाळतें. बासनांत तें कायमचें निजतें. म्हणून 'बासनांत गुंडाळणें' हा 'रेड टेप'चा प्रतिशब्द नव्हे. इंग्रज 'टु शेल्व्ह', म्हणजे फळीवर टाकून देणें, असें म्हणतो तेथें तो चपखल बसतो.

आतां शरीराविषयींचा एक संप्रदाय पहा. 'द अ‍ॅपल ऑफ वन्स आय' याचें शब्दशः भाषांतर 'डोळ्यांतलें सफरचंद' असें केलें तर ऐकणारा हंसेल. परंतु जुन्या इंग्रजींत डोळ्याच्या बाहुलीसच 'अ‍ॅपल' म्हणत. ती फळासारखी घट्ट व वाटोळी असावी अशी समजूत होती. बाहुली हा डोळ्याचा सर्वांत नाजूक भाग, म्हणून जें माणूस जिवापाड जपावेंसें वाटतें तें डोळ्याचें 'अ‍ॅपल'. पुढें इंग्रजीनें बाहुलीसाठीं लॅटिनवरून 'प्यूपिल' हा शब्द घेतला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानशी बाहुली असाच आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलें तर आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, आणि ती रोमच्या माणसास व महाराष्ट्रांतील माणसास सारखीच बाहुलीसारखी भासली. मराठींत या संप्रदायाच्या जागीं 'तळहाताच्या फोडाप्रमाणें जपणें' हा शोभतो. वस्तु निराळी, पण जपण्याची काळजी तीच.

पावसाचेंहि तसेंच. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे शब्द जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका ग्रंथांत आढळतात. आकाशांतून कुत्रीं-मांजरें कां पडावींत, याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. विद्यार्थी या संप्रदायास हंसतात. परंतु त्यांनीं आपल्याच भाषेंतील 'मुसळधार पाऊस' या शब्दांकडे क्षणभर पाहावें. मुसळ म्हणजे धान्य कांडण्याचें जाड लांकूड. आकाशांतून मुसळें तरी कोठें पडतात? रोजच्या वापरामुळें आपणांस मुसळ दिसेनासें झालें आहे, एवढेंच. इंग्रज मुलासहि तसेंच कुत्रें दिसत नाहीं.

येथवर पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचा विचार झाला. दुसरा प्रश्न, म्हणजे संप्रदाय कोठें शोभतो हा, त्याहून नाजूक आहे. कारण तेथें चुकल्यास माणसें दुखावतात. 'टु किक द बकेट' याचा अर्थ मरणें असा कोशांत दिलेला असतो. येथील 'बकेट' म्हणजे बादली नसून कापलेलें डुक्कर टांगण्याची तुळई होय, असें एक स्पष्टीकरण देतात. तें कसेंहि असो. अर्थ पाठ करून एखादा विद्यार्थी आपल्या गुरुजींच्या निधनाविषयीं इंग्रजींत सांत्वनाचें पत्र लिहावयास बसला आणि त्यानें हे शब्द वापरले, तर काय होईल? त्याच्या मनांतील दुःख खरें असेल, पण पत्र वाचणाऱ्या घरास ती थट्टा वाटेल. मराठींत हा भेद कोणास शिकवावा लागत नाहीं. देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, राम म्हटला, हे शब्द एका पायरीवरचे. आणि गचकला, खपला हे दुसऱ्या पायरीवरचे. सर्वांचा कोशांतील अर्थ एकच, परंतु घरच्या वडील माणसाविषयीं 'ते गचकले' असें कोणी म्हणत नाहीं. इंग्रजींतहि अशाच पायऱ्या आहेत. म्हणून संप्रदायाचा नुसता अर्थ लिहून ठेवूं नये. तो गंभीर, साधा कीं टवाळीचा, हेंहि त्यापुढें टिपून ठेवावें.

याहून फसवे म्हणजे ओळखीचा वेष घेऊन येणारे संप्रदाय. 'टु पुल समवन्स लेग' याचें शब्दशः मराठी 'पाय ओढणें'. पण मराठींत दुसऱ्याचे पाय ओढणारा तो मत्सरी. वर चढणाऱ्यास तो खालीं खेंचतो. इंग्रजींत मात्र याचा अर्थ थट्टेनें कोणास फसविणें, त्याची फिरकी घेणें, एवढाच. मित्रानें केलेल्या विनोदाची हकीगत सांगतांना 'त्यानें माझे पाय ओढले' असें कोणी लिहिलें, तर त्या बिचाऱ्या मित्रावर विनाकारण मत्सराचा आरोप येईल. 'टु हॅव कोल्ड फीट' याचेंहि असेंच. इंग्रजींत आयत्या वेळीं धीर सुटला म्हणजे पाय थंड पडतात. मराठींत कोणाचे हातपाय गार पडले असें सांगितलें, तर ऐकणारा वैद्यास बोलावूं लागेल. येथें 'कच खाणें' हा मराठी संप्रदाय नेमका आहे.

इंग्रजींतून येणाऱ्या सर्वच संप्रदायांस दार बंद करावें, असा याचा अर्थ नव्हे. ज्या कल्पनेस मराठींत तितकेंच नेमकें शब्द नव्हते, तेथें बाहेरचा संप्रदाय आला, रुळला आणि घरचा झाला. खोट्या रडण्यास आज सर्रास 'नक्राश्रु' म्हणतात. मगर भक्ष्य खातांना रडते, या युरोपांतील जुन्या समजुतींतून तो आला. संस्कृत पोषाख चढविल्यामुळें कोणी त्याचें गांव विचारीत नाहीं. 'पेल्यांतील वादळ' हाहि इंग्रजांच्या चहाच्या पेल्यांतून निघालेला आहे. 'पांढरा हत्ती पोसणें' याची वाटचाल तर फारच मौजेची. सयाम देशांत पांढरा हत्ती पवित्र मानीत आणि त्यास कामास लावीत नसत. राजाची ज्या दरबाऱ्यावर गैरमर्जी होई त्यास तो असा हत्ती भेट देई आणि त्याच्या खर्चानेंच दरबारी बुडे, अशी कथा इंग्रजांपर्यंत पोंचली. त्यांनीं तिचा संप्रदाय केला, आणि इंग्रजीच्या मार्गानें तो हत्ती पुन्हां पूर्वेकडे येऊन मराठींत उभा राहिला.

'सावर ग्रेप्स', म्हणजे आंबट द्राक्षें, ही इसापाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं इसापनीति मराठींत आणली, आणि तेव्हांपासून कोल्हा आणि त्याचीं द्राक्षें मराठी मुलांच्या ओळखीचीं झालीं. निफाड तालुका आज द्राक्षबागांसाठीं नांवाजलेला आहे, आणि द्राक्षांपासून मद्य करण्याच्या उद्योगासाठीं विंचूर येथें स्वतंत्र क्षेत्रहि उभें राहिलें आहे. तेथील बागाईतदार घड चाखून 'अजून आंबट आहेत' असें म्हणतो, तो त्याच्या पारखीचा निकाल असतो. कोल्हा तेंच वाक्य न चाखतां म्हणतो. जें मिळालें नाहीं त्यास नांवें ठेवून मनाची समजूत घालणें, हा या संप्रदायाचा प्राण आहे. केवळ दुसऱ्याच्या सुखाचा हेवा करणाऱ्यास तो लागू पडत नाहीं, आणि विद्यार्थी बहुधा येथेंच चुकतात.

असे भेद पाहावयाचे तर परक्या भाषेपूर्वीं स्वतःच्या भाषेंतील संप्रदाय हाताशीं असावे लागतात. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. दाते व कर्वे यांनीं मराठींतील वाक्संप्रदायांसाठींच स्वतंत्र कोश सिद्ध केला. 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' या नांवानें त्याचे दोन भाग १९४२ व १९४७ या सालीं प्रसिद्ध झाले. परंतु त्याहूनहि जवळचा कोश घरींच असतो. आजी व आजोबा, गांवांतील सुतार, तेली, कुंभार आणि बाजारांतील अडते यांच्या बोलण्यांत दर चार वाक्यांस एक संप्रदाय असतो. विद्यार्थ्यानें इंग्रजी पुस्तकांत एखादा नवा संप्रदाय वाचावा आणि त्याचा प्रसंग आजीस सांगून, "अशा वेळीं आपण काय म्हणतों?" असें विचारावें. जें उत्तर मिळेल त्यानें त्याच्या दोन्ही भाषा श्रीमंत होतील. हा प्रश्न विचारला गेला नाहीं, तर आजीबरोबर ते शब्दहि जातील. आणि मग 'होड्या जाळल्या' असें लिहिणाऱ्या नातवास दोरांची आठवणहि राहणार नाहीं.

शेवटीं पुन्हां वॉटर्लू आणि पानिपत यांकडे वळावें. कारण जे दोन संप्रदाय आरंभीं जुळ्या भावंडांसारखे दिसले, त्यांतहि एक मोठें अंतर आहे. वॉटर्लू हा संप्रदाय जिंकणाऱ्यांच्या भाषेंत जन्मला. तो दुसऱ्याच्या पराभवाविषयीं आहे, एका माणसाच्या पराभवाविषयीं आहे, आणि त्यापुढें उठणें नाहीं. पानिपत हा संप्रदाय ज्यांचीं माणसें गेलीं त्यांनींच आपल्या तोंडानें केलेला आहे. त्यांत एकाचा पराजय नाहीं, सगळ्यांचा नाश आहे. पण तो शेवट नव्हता. त्या संहारास दहा वर्षें होतात न होतात तोंच, १७७१ सालीं, मराठ्यांची फौज पुन्हां दिल्लींत शिरली. विठ्ठल शिवदेव रणांतून परतले, ते पुढेंहि पेशव्यांच्या राजकारणांत वावरत होते. म्हणूनच परीक्षेंत नापास झालेला मराठी मुलगा 'यंदा आमचें पानिपत झालें' असें हंसत म्हणूं शकतो, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां परीक्षेस बसतो. त्याच्या या वाक्याचें इंग्रजी करतांना जो पानिपताच्या जागीं वॉटर्लू घालील, तो त्या मुलाची पुढच्या वर्षाची आशाच पुसून टाकील.